लगेच ऐकू येणारा फोन

“शैले, तुझा फोन बिघडलाय गो.”

द्वारकाकाकी बूथच्या पायरीवर टेकली आणि पदराने वारा घेत म्हणाली. खालच्या वाडीतून बाजारपेठेपर्यंत चढ आहे, आणि ती भर उन्हात चालत आली होती. मी तिला पाण्याचा तांब्या दिला.

“बंद पडला?”

“बंद कशाला पडेल? चालतोय. चांगलाच चालतोय. तेच सांगायला आल्ये.”

“मग बिघडलं काय?”

“लगेच ऐकू येतंय.”

मला हसू आवरेना. टेलिफोनच्या धंद्यात मी तोवर नाही नाही त्या तक्रारी ऐकल्या होत्या. लाइन तुटते, आवाज घुमतो, मध्येच कुणीतरी तिसरंच बोलतं. फोन फार चांगला चालतो ही तक्रार घेऊन येणारी काकी पहिलीच.

“हसतेस काय! आधी मी विचारायची, जेवलास काय रे? मग जरा वेळ जायचा. तेवढ्यात माझी मशेरी बोटावर घेऊन व्हायची. मग तिकडनं यायचं, जेवलो. आता मी विचारते न विचारते तोच हा म्हणतो, जेवलो. एवढा लांब कुवेत, आवाजाला समुद्र ओलांडायला वेळ नको लागायला?”

“लाइन सुधारली असेल काकी. रोज नवीन काहीतरी येतंय.”

“असं?” तिने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. “मां बरं. सुधारली तर सुधारली.”

ती गेली आणि मी कॉम्प्युटर सुरू केला. तक्रार कसलीही असो, बघायची माझी सवय. नसती तर फार बरं झालं असतं असं मला पुढे अनेकदा वाटलं.

भरडोलीत टेलिफोनचा बूथ माझा. पायाने अधू म्हणून तो मला सरकारी कोट्यातून मिळाला होता, आणि पुष्कळ वर्षं मी त्यावर राणीसारखी जगले. आखातात गेलेल्यांचे फोन यायचे, बायका-आया काचेच्या त्या खोक्यात शिरून ओरडून बोलायच्या, बाहेर रांग असायची. मग मोबाइल आले आणि माझी रांग संपली. दुकानात माश्या मारत बसायची पाळी आली, तेव्हा मुंबईच्या एका कंपनीचा माणूस नवीन धंदा घेऊन आला. इंटरनेटवरून फोन. फोनच्या तारेशी संबंधच नाही म्हणाला, आवाजाचे बारीक तुकडे करायचे, ते इंटरनेटमधून पाठवायचे आणि पलीकडे परत जोडायचे. त्यासाठी एक काळी पेटी. ती जोडीनेच विकायची. एक पेटी आखातात जाणाऱ्या माणसाने बॅगेतून न्यायची, दुसरी इथे त्याच्या घरच्या फोनला लावायची. पेटीतून पेटीत कितीही बोला, मीटर पडत नाही.

लोकांना ते पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. फुकट बोलायचं म्हणजे चोरी असणार, अशी निम्म्या गावाची खात्री होती. पहिली जोडी घेतली ती काकीच्या रत्नाकरने, तीही मी त्याच्या वर्गातली म्हणून. तो कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर निघाला होता. खालच्या वाडीतून परदेशी जाणारा तो पहिलाच, त्यामुळे त्याला तिठ्यापर्यंत वाजत गाजत नेलं होतं. गळ्यात हार, हातात नारळ, आणि काखेत माझी पेटी. त्या दिवसापासून काकी वाडीत नुसती द्वारका राहिली नाही. कुवेतवाल्याची आई झाली. हळदीकुंकवाला बायका तिला पुढे बसवायच्या, आणि मुली सांगून यायच्या त्यांना ती सांगायची, “पुढच्या सुट्टीत बघू.”

पेटीला काही झालं तर बघता यावं म्हणून कंपनीने मला कॉम्प्युटरवर एक पान दिलं होतं. कुठली पेटी चालू, कुठली बंद, कोण कुठल्या इंटरनेट कंपनीच्या लाइनवरून जोडलंय, हे त्यात दिसायचं. रत्नाकरच्या पेटीपुढे इतके दिवस कुवेतच्या कंपनीचं लांबलचक नाव असायचं. त्या दिवशी तिथे पनवेलच्या केबलवाल्याचं नाव होतं. नावातच पनवेल होतं, त्यामुळे चुकीचा अर्थ काढायला जागा नव्हती.

मी मागचं बघत गेले. शिमग्याच्या आधीपासून पनवेलच. म्हणजे हा माणूस कित्येक आठवडे आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर बसून आईला सांगत होता की कुवेतात वाळूचं वादळ आलंय.

माझं डोकं तडकलं. पण मी गप्प बसले. पोस्टमनने पाकीट पोचवावं, फोडून वाचू नये, असं मला वाटायचं. त्याचं काही कारण असेल, आज ना उद्या तो येईल. काकीला काही बोलले नाही, आणि तिनेही पुन्हा फोनची तक्रार केली नाही.

मग वैशाखात काकी पडली. विहिरीवरून येताना श्वास लागला तो बसेचना. माणगावच्या डॉक्टरने तपासलं. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी झालंय, मुंबईला न्या म्हणाला. ती हलायला तयार नव्हती. मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “मुलं किती?”

“एकच. बाहेर असतो.”

“बोलावून घ्या. वाट बघू नका.”

काकीला घरी आणून खाटेवर बसती ठेवली, आडवं पडलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. संध्याकाळी रत्नाकरचा फोन आला. तिला रिसीव्हर पेलवेना म्हणून मी तो तिच्या कानाला धरला. इतक्या जवळून मला सगळं ऐकू येत होतं.

“आई, सुट्टी नाही देत गं. अरबाच्या अक्षरशः पाया पडलो. माणसं कमी आहेत म्हणतो.”

“असू दे रे,” काकी म्हणाली. “नोकरी सांभाळ. मला काय धाड भरलीय?”

“औषध घेतेस ना?”

“घेते. तू जेवलास?”

“जेवलो.”

लगेच. श्वास घ्यायलाही थांबला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी रिसीव्हर खाली ठेवला आणि तोंडातून काही निघू नये म्हणून पेटीवरची धूळ पुसत बसले.

काकीने डोळे मिटले होते. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “शैले, तू जा आता. बूथ उघडा टाकून आलीयेस. आणि जाताना पांडूला सांग जरा इकडे ये म्हणून.”

पांडुअण्णा तिचे शेजारी. त्यांना निरोप दिला आणि मी तरातरा बाजारपेठेत आले. माझ्या पायाने जितकं तरातरा येता येतं तितकं. बूथचं दार लावून घेतलं आणि दुकानातल्या पेटीवरून रत्नाकरची पेटी लावली.

“रत्नाकर, मी शैला.”

“बोल गं! आज कशी आठवण झाली? इथे काय उकडतंय म्हणून सांगू, नुसती भट्टी.”

“पनवेलला एवढं उकडतं?”

त्या पेटीतून मी पहिल्यांदाच एवढी शांतता ऐकली. मला वाटलं लाइन गेली.

“कुणाकुणाला माहीत आहे?” त्याने विचारलं.

“मला. बास.”

“आईला?”

“तिला कशाला सांगेन मी? पण तू आता नीघ. डॉक्टर काय म्हणाला ते तुला सांगायला नको ना? सकाळच्या गाडीने ये.”

“सकाळी?” तो घाईघाईने म्हणाला. “आत्ता तर तिला सांगितलं सुट्टी नाही म्हणून. आणि सकाळी दारात उभा राहू? कुवेतवरून काय चालत आलो? आधी सुट्टी मंजूर व्हायला हवी, मग तिकीट, मग विमान. परवा येतो. परवापर्यंत…”

“परवापर्यंत काय, रत्नाकर?”

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, पेटी बंद.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी पनवेल गाठलं. पेटी लावून देताना ग्राहकाचा दुसरा नंबर घ्यायची आमची पद्धत होती, आणि रत्नाकरने मध्यंतरी तो बदलून कुठल्याशा दुकानाचा दिला होता. त्यावरून विचारत विचारत गेले. जुन्या फ्रिजचं आणि एसीचं दुरुस्तीचं दुकान निघालं. मागे एक खोली, तिच्यात उघडी पडलेली मशिनं, एक गादी, आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेली माझी काळी पेटी.

रत्नाकर पाठमोरा बसून एक भलाथोरला खोका नायलॉनच्या दोरीने आवळत होता. वर जाड पेनाने मोठ्या इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव आणि भरडोली, रायगड असं लिहून झालं होतं. शेजारी दोन फुलाफुलांची ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या, दूध पावडरीचे डबे, बदाम, चॉकलेटं. आखातातून माणूस आला की त्याच्या गाडीच्या टपावर जे जे असतं ते सगळं. पनवेलच्या बाजारात तो फॉरेनचा माल रस्तोरस्ती मिळतो.

मी दारातच उभी राहिले. “लाज नाही वाटत? आई तिकडे श्वासाला महाग झालीये, आणि तू बाजारहाट करतोस?”

तो दचकला नाही. मी येणार हे त्याला माहीत असावं. फार वाळला होता.

“बस,” म्हणाला. “चहा सांगतो.”

“चहा घाल चुलीत. उठ.”

“शैला, मी आलो होतो गं घरी.” दोरीची गाठ हातात तशीच धरून तो बोलत राहिला. “कंपनी बुडाली. पासपोर्ट हातात दिला आणि बसवलं विमानात. मुंबईहून तसाच एसटीत बसलो. माणगाव स्टँडपर्यंत आलो होतो. हातात एक पिशवी, तिच्यात दोन शर्ट आणि तुझी पेटी. तिथे मला आपल्या वाडीतला कोणीतरी दिसल्यासारखा वाटला आणि मी मुतारीमागे लपलो. मग पनवेलची गाडी लागली, तिच्यात चढलो. म्हटलं दुसरी नोकरी लागली की परत जाईन, कुणाला कळायचंच नाही.”

“नाही कळलं ना? मग आता चल.”

“आज गेलो तर कळेल.” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “मला हसतील त्याचं काही नाही. मी बाहेर निघून जाईन कुठेही. पण आत्ता घरात सगळी वाडी बसली असेल तिच्या उशापायथ्याशी. कुवेतवाल्याची आई म्हणून बसलीये. त्यांच्यासमोर मी आज या चपला घालून दारात उभा राहिलो, तर तिला काय वाटेल? मरताना तेवढंही काढून घेऊ तिच्याकडून?”

रागाने भरून आले होते, तरी मी गादीच्या कडेला बसले. मग त्याच्याकडून मी एक कबूल करून घेतलं, की निदान आईला आत्ता फोन लावून येतो म्हणून सांग. त्याने पेटीचं स्पीकरचं बटण दाबलं.

बऱ्याच वेळाने काकीने स्वतःच उचलला. मागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती, कपबश्या वाजत होत्या.

“आई, सुट्टी मिळाली. उद्याच्या विमानाने निघतोय.”

“उतरलास?” काकी म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण ती जोर लावून बोलत होती. “मुंबईला उतरलास?”

“नाही आई, उद्या. अजून कुवेतलाच आहे.”

“बरं झालं. उतरलास म्हणजे सुटलास. गाडी मिळाली काय?”

रत्नाकरने माझ्याकडे बघितलं. “आई, ऐकू येत नाही का गं? मी कुवेतला आहे. कु-वे-त.”

“हां हां, गाडी करूनच ये. एसटीची वाट नको बघू. काळोख पडायच्या आत पोचशील.” तिला धाप लागली. थोडा वेळ नुसताच श्वास ऐकू आला. “ये बाबा. मी जागी आहे.”

फोन ठेवल्याचा आवाज झाला.

“भ्रमात गेली,” रत्नाकर म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला. “आई भ्रमात गेली गं.”

मलाही तेच वाटलं. माझे वडील शेवटी शेवटी मेलेल्या भावाशी गप्पा मारायचे. मला रडू आलं, आणि त्याच झटक्यात मी त्याच्यावर ओरडले. “अरे मग आता कसली वाट बघतोस? तिला विमान कळत नाही की कुवेत कळत नाही. आत्ता नीघ!”

“तिला कळत नाही. मागे बसलेल्यांना कळतं ना! उद्याचं विमान म्हणून आत्ता मी मोठ्याने बोललो. सगळ्यांनी ऐकलं असेल.”

त्याने चपला घातल्या. रस्त्यापर्यंत गेला. मी खिडकीतून बघत होते. एक रिक्षा थांबली, त्याने वाकून काहीतरी विचारलं आणि मग तिला हाताने जा म्हणाला. परत आला आणि चपला काढून खोक्याशी बसला. असं त्याचं दुपारभर चाललं. मी त्याला शिव्या घातल्या, विनवलं, पुन्हा शिव्या घातल्या. शेवटी आवाज बसला माझा. त्याला एकट्याला सोडून परत जायची मला भीती वाटत होती, हा उद्याही येणार नाही अशी. म्हणून मी पनवेलला मावशीकडे राहिले.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. सुमो ठरवली होती. पण गाडी तो दुपार होईपर्यंत हलवू देईना. कुवेतचं विमान सकाळी उशिरा उतरतं, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्यातून येणारा माणूस बाहेर पडून पनवेल ओलांडायला किती वेळ लावतो याचा हिशेब लोकांच्या तोंडावर असतो. रत्नाकर घड्याळाकडे बघत बसला, आणि मी त्याच्याकडे.

“विमानात जेवायला काय देतात?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“पाव, लोणी आणि कसलीतरी भाजी.”

“मग तेच सांग कोणी विचारलं तर.”

“तेच सांगणार आहे,” तो म्हणाला.

निघालो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. ब्लँकेटं आणि खोका टपावर दोरीने बांधले होते. वडखळला ट्रक अडकून पडले होते, तिथे तो खाली उतरून रस्त्यात उभा राहिला आणि ट्रकवाल्यांवर ओरडायला लागला. कालपासून साठलेली सगळी घाई त्याला आत्ता आली होती. ड्रायव्हरने त्याला धरून आणलं. माणगाव स्टँड आलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

तिठा जवळ आला तसा तो म्हणाला, “शैला, तू इथे उतरशील? दोघं एका गाडीतून आलो तर विचारतील.”

“माझा पाय बघितलायस का? अर्धा कोस चालू? सांग, वाटेत भेटली. मी पण तेच सांगेन.” मी त्याच्याकडे न बघता म्हटलं. “एवढ्या थापांत एक माझीही.”

तिठ्यावर वडाखाली एक कंदील ठेवलेला होता, न पेटवलेला. जवळ दोन खुर्च्या, रिकाम्या. लग्नबिग्न असेल कुणाचं असं मला वाटलं.

खालच्या वाडीत शिरलो. काकीच्या अंगणात माणसं उभी होती. बायका आत. पुरुषांपैकी कोणी आमच्याकडे लगबगीने आलं नाही, आणि त्यावरूनच मला कळलं. रत्नाकरला कळलं नाही. तो गाडी थांबायच्या आधीच दार उघडून उतरला आणि चेहऱ्यावर प्रवासाने दमल्यासारखा भाव आणून पुढे गेला.

पांडुअण्णांनी त्याला अंगणाच्या कडेलाच धरलं. दोन्ही खांद्यांना.

“उशीर केलास रे पोरा. दुपारी गेली.”

अण्णांनी त्याला जवळ घेतलं. म्हातारे स्वतः रडत होते आणि बोलत होते.

“फार वाट बघितलीन तुझी. परवा संध्याकाळी मला बोलावलंन, म्हणाली, पांडू, रत्नाकरचा फोन आला. त्याला सुट्टी मिळाली, निघालाय. सगळ्या वाडीत सांग. आम्ही म्हटलं, देव पावला. काल तुझा फोन आला तेव्हा आम्ही इथेच बसलो होतो खाटेभोवती. मुंबईला उतरलास, गाडी करून येतोस. तिनं लगेच भात ठेवायला लावलंन. कंदील देऊन माणसं पाठवलीन तिठ्यावर.”

“कोणी सांगितलं तिला?” रत्नाकर म्हणाला. “मी निघालो म्हणून परवा कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे? तूच नाय फोनवर बोललास?”

रत्नाकर वळला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी सुमोच्या दाराला धरून उभी होते. मी मान हलवली. मी एक शब्द बोलले नव्हते. परवाच्या त्या फोनवर काय बोलणं झालं ते आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि आता आम्ही दोघंच उरलो होतो. मग कालचा फोन मला आठवला. उतरलास? गाडी मिळाली काय? काळोख पडायच्या आत पोचशील. तिने भरल्या घरासमोर त्याची वाट साफ करून ठेवली होती, आणि आम्ही पनवेलला बसून तिला भ्रम झाला म्हणत होतो.

रत्नाकरलाही ते कळलं. कळताना मी त्याला बघितलं, आणि तसं पुन्हा कुणाचं काही बघायची वेळ येऊ नये.

“काल काळोख पडला तरी तू येईनास,” अण्णा सांगत होते. “माणसं विचारायला लागली. कुठे राहिला, काय झालं. तर तीच म्हणाली, कस्टमवाले अडवतात हो. सामान फार असतं त्याचं. एक एक उघडून बघतात. सकाळी बोलता येत नव्हतं, तरी कोणी दारात आलं की तेच. सामान फार आहे त्याचं, सोडतील, येईल.”

अण्णांनी डोळे पुसले आणि सुमोच्या टपाकडे बघितलं. अंगणातली सगळीच माणसं तिकडे बघायला लागली. फुलाफुलांची ब्लँकेटं, आणि दोऱ्यांनी आवळलेला तो खोका, वर मोठ्या अक्षरांत नाव. कुणीतरी मान डोलावली. कुणीतरी चुकचुकलं.

“त्यांनीच अडवलं ना रे?” अण्णांनी मायेने विचारलं.

मला वाटलं, आता तो सांगणार. आता लपवायचं ते कुणासाठी? आत बायकांनी काकीला न्हाऊ घातलं होतं, आणि दारातून तिचे पाय दिसत होते. रत्नाकर त्या पायांकडे बघत उभा राहिला.

“हो अण्णा,” तो म्हणाला. “सामान फार होतं.”